गाळलेलं पाणी

डॉक्टरांनी बाबांच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी बोटानं किंचित ओढली, गाळणकागदाची बारीक पट्टी टोकाशी दुमडून आत अडकवली, उजव्या डोळ्यालाही तसंच केलं आणि म्हणाल्या, "आता पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसा, आजोबा." दोन्ही गालांवर दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबत असताना बाबा खुर्चीत ताठ बसून राहिले. हात गुडघ्यांवर. आयुष्यभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. त्याला नुसतं बसायला सांगितलं तरी तो कामावर असल्यासारखाच बसतो.

पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा छापलेल्या होत्या. डोळ्यातलं पाणी कागद शोषून घेतो, ओली कड हळूहळू खाली सरकते आणि पाच मिनिटांत ती कुठवर आली ते वाचायचं, इतकी साधी परीक्षा. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञानं ती 1903 मध्ये मांडली आणि आजही ती जवळजवळ तशीच करतात. दहा मिलिमीटरच्या पुढे गेलं तर काळजी नाही. पाचच्या आत राहिलं तर डोळा कोरडा.

मी त्या ओल्या कडेकडे बघत होते. ती निघाली, जराशी सरकली आणि थांबली. डाव्या डोळ्याला चार, उजव्याला तीन.

"पाणी फारच कमी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वयानं ग्रंथी आटत जाते. कधीपासून होतंय?"

"वाळू गेल्यासारखं खुपतं," बाबा म्हणाले. "पुष्कळ दिवस झाले."

पुष्कळ दिवस. आईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्या दिवशी बाबा रडले नाहीत, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि कुणी विसरलंही नव्हतं. मीही नाही.

त्या तीन-चार मिलिमीटरकडे बघताना मला त्यांचे शर्ट आठवले. बाबा ओतकामाच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी आले की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि जिथे वाळलेला असेल तिथे पांढऱ्या रेषा उमटलेल्या. एकाच्या आत एक, वाकड्यातिकड्या. तळं आटायला लागलं की काठावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या खुणा राहतात, तशा. आई तो शर्ट साबणात थेट कधी घालायची नाही. आधी नुसत्या पाण्यात बुडवून ठेवायची. "मीठ सुटू दे आधी," म्हणायची. मी लहान होते, मला वाटायचं कारखान्यात मीठच बनवतात.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. नवा पोरगा भट्टीवर आला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांत पांढरा शर्ट त्याचा असतो. पंधरा दिवस, महिना गेला की घाम तितकाच येतो, किंबहुना जास्तच येतो, पण शर्टावर पांढरं कमी दिसायला लागतं. "अंग शिकतं," असं त्यांचं म्हणणं. हे शब्दशः खरं आहे हे मला फार उशिरा, शिक्षिका झाल्यावर कळलं.

मराठीत या दोन्ही पाण्यांना आपण एकच क्रियापद लावतो. घाम गाळतो, अश्रूही गाळतो. फडक्यातून पाणी गाळतो तेही हेच आणि लिहिलेल्यातून शब्द गाळतो तेही हेच. इतकी वर्षं मी प्रश्नपत्रिकेवर "गाळलेल्या जागा भरा" असं लिहीत आले, पण या शब्दाच्या पोटात काय आहे याचा विचार कधी केला नव्हता. त्वचेखालच्या ग्रंथीत काय चालतं ते नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की घामाच्या बाबतीत हा शब्द अगदी अचूक आहे. घाम खरोखरच गाळलेला असतो. अश्रू तसा नसतो. आणि दोन्ही खारट असूनही ही दोन पाणी इतकी वेगळी का, याचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

माणसाच्या त्वचेत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. प्रत्येक म्हणजे एक सूक्ष्म नळी, खालच्या टोकाला दोऱ्याच्या गुंडीसारखी गुंडाळलेली आणि वर सरळ त्वचेपर्यंत आलेली. खालच्या गुंडाळीत जे पाणी तयार होतं ते जवळजवळ रक्तद्रवाइतकंच खारट असतं. ते वर चढू लागलं की नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड ओढून परत घेऊ लागतात. पाण्याला मात्र त्या भिंतीतून फारसं परतता येत नाही. त्यामुळे त्वचेवर येईपर्यंत मीठ मागे राहतं आणि पाणी पुढे येतं. घाम हळू येत असेल तर भिंतींना वेळ मिळतो आणि घाम अळणी होतो. धारा लागल्या की वेळ पुरत नाही, म्हणून भरधाव घाम जास्त खारट. बहुतेक माणसांच्या घामात लिटरमागे साधारण एक ते पाच ग्रॅम मीठ भरतं. डोळ्यातल्या पाण्यात ते नऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रक्तद्रवाच्या तोडीस तोड.

घाम अश्रूंपेक्षा कमी खारट असतो, यावर माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विश्वास ठेवत नाहीत. जिभेला दोन्ही खारटच लागतात. शिवाय घाम त्वचेवर वाळतो, मीठ तिथेच राहतं आणि पुढचा थेंब ते विरघळवत खाली येतो. ओठांपर्यंत पोचलेला घाम ग्रंथीतून निघालेल्या घामापेक्षा घट्ट असतो.

पण शरीर इतकी काटकसर का करतं? हिशेब मांडला की कळतं. उन्हात किंवा भट्टीपाशी राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत गोठायला आलेलं जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीला आणता येतं. शरीराला हवं असतं ते हे गार होणं. त्यासाठी पाणी पुरतं, मिठाचा काही उपयोग नाही. आता एका पाळीत पाच लिटर घाम गेला आणि तो अश्रूंइतका खारट असला, तर 45 ग्रॅम मीठ जाईल. दोन-चार दिवसांत माणूस आडवा होईल. म्हणून गाळणं. आणि ज्या अंगाला रोज असा घाम गाळावा लागतो, त्याच्या मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त पाझरू लागतं. ते घामाच्या नळीला मीठ आणखी जोरात परत घ्यायला लावतं. एक-दोन आठवड्यांत हा बदल दिसायला लागतो. नव्या पोराचा शर्ट पांढरा आणि जुन्याचा कमी, तो यामुळे. बाबांनी संप्रेरकाचं नाव कधी ऐकलं नसेल. त्यांनी शर्ट बघितले होते.

घोड्याला ही सोय नाही, हे वाचून मला त्याची फार कणव आली. त्याचा घाम रक्ताइतका, कधी त्याहूनही खारट असतो. पळून पळून तो पाण्याबरोबर मीठही ओतून टाकतो.

आणि काही माणसांनाही ही सोय नसते. युरोपात जुनी समजूत होती, की ज्या बाळाच्या कपाळाचा पापा घेतल्यावर ओठ खारट होतात ते बाळ जगत नाही. कुणा आज्यांनी, सुईणींनी हे ओठांनी ओळखलं होतं, कारण कुणालाच माहीत नव्हतं. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेली मुलं इतरांपेक्षा जास्त कोसळताना दिसली. पॉल डी सांत'अॅग्नीज हे डॉक्टर त्या प्रश्नाच्या मागे लागले आणि 1953 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असतं. पुढे 1983 मध्ये पॉल क्विंटन यांनी कारण सांगितलं: घामाच्या नळीची भिंत क्लोराइडला आत शिरूच देत नाही. क्विंटन स्वतः याच आजाराचे रुग्ण. आपल्याच घामाच्या नळ्यांवर संशोधन करणारा हा माणूस मला वारंवार आठवतो. आजही या आजाराचं निदान घाम तपासून करतात. लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड निघालं तर तो आजार धरतात. एवढं सगळं समजलं ते गाळणं बंद पडलेल्या नळ्यांमुळे.

आता डोळा. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खळग्यात, बदामाएवढी अश्रुग्रंथी बसलेली असते. तिच्यातून निघणारं पाणी असं काटकसरीनं गाळलं जात नाही. सोडियम आणि क्लोराइड रक्तातल्या मानानं साधारण तेवढंच राहतं. पोटॅशियम तर रक्तापेक्षा तीन-चार पट किंवा त्याहूनही जास्त घातलं जातं. घामात पोटॅशियम जेमतेम रक्ताइतकं, फार तर थोडं वर. आणि खरा फरक पुढे आहे. घामात प्रथिनं नावाला असतात. अश्रूंच्या लिटरमध्ये सहा ते दहा ग्रॅम. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, लिपोकॅलिन, प्रतिपिंडं. एका पाण्यातून शरीर काढून घेत राहतं, दुसऱ्यात घालत राहतं.

हेही उधळेपण नाही. डोळ्यावर एका वेळी असणारं सगळं पाणी सुमारे सात मायक्रोलिटर, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाचा पाचवा-सहावा भाग. मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटरची भर. दोन्ही डोळ्यांचं दिवसभराचं मिळून एक छोटा चमचाही भरत नाही. इतक्या थोड्या पाण्यात कितीही मीठ, कितीही प्रथिनं घातली तरी शरीराला तोशीस पडत नाही. शिवाय त्यातलं बरंचसं परतही येतं. आरशासमोर उभं राहून खालच्या पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बघा, एक टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. डोळ्यातलं पाणी तिथून नाकात उतरतं. म्हणून रडलं की आधी नाक वाहायला लागतं. पापणीच्या आत फार तर तीस मायक्रोलिटर मावतात, त्यावर आलेलं गालावर ओघळतं. ज्याला आपण रडणं म्हणतो ते खरं तर मोरीच्या तोंडापेक्षा पाणी जास्त झाल्यामुळे बाहेर सांडलेलं असतं.

लायसोझाइमची कथा मी वर्गात नेहमी सांगते, कारण पेनिसिलिनच्या मोठ्या सावलीत ती झाकली जाते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1921 मध्ये सर्दी झालेल्या नाकातला शेंबूड जिवाणूंच्या थाळीवर घातला आणि आजूबाजूचे जिवाणू विरघळताना पाहिले. मग त्यांनी अश्रू तपासले. तिथे तर तोच गुण भरभरून होता. लिंबाच्या सालीनं स्वतःच्या, सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून त्यांनी प्रयोग केले आणि 1922 मध्ये हे विकर जगापुढे ठेवलं. पेनिसिलिन त्यानंतर सहा वर्षांनी. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, पारपटलाला, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातल्या पहारेकऱ्यांना तिथे सहज पोचता येत नाही. राखण करायची ती या सात मायक्रोलिटरनंच. घामाकडेही आपलं हत्यार आहे, डर्मसिडिन नावाचं एक छोटं प्रथिन, जर्मनीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये शोधलेलं. घामाचा बचाव त्याच्या आंबटपणातही आहे. घामाचा सामू बहुधा साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी. अश्रूंचा 7.4 च्या आसपास, रक्तासारखाच. घामात लॅक्टेट भरपूर असतं, युरियाही असतो.

लहानपणी धावून आल्यावर कपाळावरचा घाम डोळ्यात जायचा आणि डोळा झोंबायचा. आई पदरानं डोळा टिपायची आणि झोंबल्यामुळे आलेलं पाणी घामाला धुऊन काढायचं. खारट पाण्यानं डोळा झोंबत असता तर अश्रूंनी आधी झोंबला असता. झोंबतो तो घाम आंबट असतो, अश्रूंच्या मापाचा नसतो आणि कपाळावरचं तेल, धूळ, वाळलेलं मीठ घेऊन येतो म्हणून. पारपटलाइतकी दाट मज्जातंतूंची वीण शरीरात दुसरीकडे क्वचितच असेल. एक पाणी दुसऱ्याच्या जागी गेलं की शरीर लगेच ओळखतं. भुवयांचं एक काम हेच, दोन्ही पाणी वेगळी ठेवणं.

बाबांच्या तपासणीनंतर काही दिवसांनी मी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या ठेवल्या. एकीवर जिने चढून आल्यावर कपाळावरून घेतलेला घामाचा थेंब, दुसरीवर मोठी जांभई देऊन डोळ्याच्या कडेला आलेलं पाणी. दोन्ही वाळू दिले. घामाचा थेंब वाळला असं म्हणवेना. कडेला तेलकट, चिकट ओलावा तसाच राहिला होता आणि मध्ये मिठाचे छोटे खडे विखुरलेले, काही अगदी चौकोनी. मग दुसरी काचपट्टी. तिथे नेच्याचं रान उगवलं होतं. मधल्या शिरेतून फांद्या, फांद्यांतून उपफांद्या, प्रत्येक पान पुढच्या पानाला भिडलेलं, काचेभर. मीठ तेच. पण अश्रूतल्या प्रथिनांच्या आणि श्लेष्म्याच्या संगतीत ते चौकोनी खडे न होता पानांसारखं फुटतं. मी बराच वेळ डोळा लावून बसले होते. शिपाईमामा वर्ग बंद करायला आले तेव्हा भानावर आले. डोळ्यांचे डॉक्टर या नक्षीवरूनही कोरडेपणा ओळखतात. कोरड्या डोळ्यात ही पानं तुटक, विरळ होतात. बाबांच्या डोळ्यातला थेंब मागायला मात्र माझं मन धजलं नाही. तेवढं पाणी त्यांच्याकडे शिल्लक नव्हतं.

जांभईच्या आणि दुःखाच्या अश्रूत फरक असतो का, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. अमेरिकेतल्या विल्यम फ्रे यांनी 1981 मध्ये माणसांना करुण सिनेमा दाखवून आणि कांद्याची वाफ देऊन दोन्ही तऱ्हेचे अश्रू गोळा केले. रडण्याच्या अश्रूंत प्रथिनं जास्त निघाली. पुढे त्यातून असं पसरलं की दुःखाच्या अश्रूंवाटे शरीरातलं विष, ताणाची रसायनं बाहेर पडतात आणि म्हणून रडलं की मोकळं वाटतं. घामाबद्दलही हेच ऐकू येतं, घाम आला की अंगातलं विष गेलं. मला हे पटत नाही. घामातून युरिया जातो तो अगदी थोडा, ते काम मूत्रपिंडांचं आहे. आणि अश्रूंचं तर मापच काढा. पोटभर रडलं तरी हाती लागतील ते एखाद-दोन मिलिलिटर. शरीरात काही लिटर रक्त फिरत असताना एवढ्याशा पाण्यातून वाहून काय जाणार? रडल्यावर मोकळं वाटतं हा माझाही अनुभव आहे. पण ते मोकळेपण पाण्यावाटे वाहून गेलेल्या कशाचं नसावं. कुणीतरी आपलं रडणं बघितलेलं असतं, त्याचं ते बहुधा असतं.

याला दुजोरा देणारे काही प्रयोग आहेत. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 2009 मध्ये रडणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांतून फक्त अश्रू पुसून टाकले. चेहरा तोच, ओठ तेच, कपाळाच्या आठ्या त्याच. तरी बघणाऱ्यांना ती माणसं कमी दुःखी वाटली. कित्येकदा तर दुःख आहे की आणखी काही, तेच कळेना. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत नोम सोबेल यांच्या गटानं 2011 मध्ये स्त्रियांचे दुःखाचे अश्रू पुरुषांना हुंगायला दिले. तुलनेसाठी त्याच स्त्रियांच्या गालांवरून ओघळवलेलं मिठाचं पाणी. पुरुषांना दोन्हींच्या वासात फरक कळला नाही, पण अश्रू हुंगल्यावर त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं. 2023 मध्ये त्याच गटानं दाखवलं की चिथावणी देणाऱ्या खेळातली आक्रमकताही सुमारे 44 टक्क्यांनी कमी झाली. यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. तरी अश्रू हे दुसऱ्यासाठी असतात, याकडे माझं मन झुकतं.

मग ज्याच्या डोळ्यांत अश्रू येतच नाहीत, त्याचं काय? त्याच्या चेहऱ्याकडे बघून लोक काय वाचतात?

त्या दिवशी आमच्याकडे जमलेल्यांनी वाचलं ते मी ऐकलं होतं. "धीराचा माणूस आहे," असं कुणी म्हणालं. "कोरडाच आहे पहिल्यापासून," असंही कुणी, हळू आवाजात. मी वळून काही बोलले नाही. आतून मलाही तेच वाटत होतं.

या दोन पाण्यांचं एक नातं मला सगळ्यांत शेवटी कळलं. ग्रंथी निराळ्या, जागा निराळ्या, घटक निराळे. घामाच्या ग्रंथीला जाणारे मज्जातंतू एका व्यवस्थेतले, अश्रुग्रंथीला चालना देणारे दुसऱ्या. त्यामुळे त्यांचा निरोप्याही निराळा असायला हवा होता. पण दोन्हीकडे निरोप पोचवतं ते एकच रसायन, अॅसिटिलकोलिन. म्हणून अॅट्रोपिनसारखं औषध दिलं की डोळा आणि त्वचा दोन्ही कोरडी पडतात. उगमही जवळचा. गर्भाच्या बाहेरच्या थरातून दोन्ही ग्रंथी घडतात, आणि जन्मतः तो थर नीट न घडलेल्या काही माणसांत घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात, दात थोडे असतात आणि डोळेही कोरडे राहतात. चार्ल्स डार्विन यांनी 1875 मध्ये सिंधमधल्या अशा एका कुटुंबाची नोंद केली होती. चार पिढ्यांतले दहा पुरुष, मोजके दात, अंगावर केस अगदी थोडे, डोक्याला लवकरच टक्कल आणि ऐन उन्हाळ्यात त्वचा कोरडी ठणठणीत.

आणि सगळा घाम उष्णतेसाठी नसतो. पाठीवरचा, छातीवरचा घाम अंग तापलं की येतो. तळहात आणि तळपाय मात्र मनाचं ऐकतात. भीती, धक्का, ताण, दुःख. हवा थंड असली तरी तळहात भिजतात, आणि त्यावर आपला ताबा नसतो. रडू एखादा माणूस गिळू शकतो. तळहाताचा घाम कुणालाच गिळता येत नाही.

हल्ली रात्री झोपण्यापूर्वी मी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालते. कृत्रिम अश्रू म्हणतात त्याला. ते मान मागे टाकतात, मी पापणी ओढते, बाटली हलकेच दाबते. ड्रॉपरचा एक थेंब पापणीत मावण्यापेक्षा नेहमीच मोठा असतो, त्यामुळे दर वेळी थोडं पाणी डोळ्याच्या कडेतून निघून गालावरून कानाकडे ओघळतं. पहिल्या रात्री ते बघून मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. बाबांच्या गालावर पाणी ओघळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आई गेली ती पहाटे, थंडीच्या दिवसांत. घरातले दिवे लागलेले होते, माणसं यायची होती. बाबा तिच्या उशाशी बसले होते आणि मी आत गेल्यावर त्यांनी काही न बोलता माझा हात धरला. तळहात निथळत होता. माझी बोटं त्यात ओली झाली, मनगटापर्यंत ओल आली. मला ते नकोसं वाटलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, डोळे कोरडे होते, आणि मी हात सोडवून घेतला आणि ओढणीला पुसला.